कोयनेचा भूकंप आणि संस्थांचे सहकार्य : नोंदीपासून वेधनापर्यंत

कोयना नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते, सह्याद्रीच्या रांगांमधून सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेस मिळते. या वळणाजवळ, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, विसाव्या शतकाच्या मध्यास एक मोठे धरण बांधले गेले आणि त्याच्या शिवाजीसागर जलाशयाभोवती गेली साठ वर्षे भूकंप होत आहेत. धरणाच्या जलाशयामुळे घडून आलेल्या भूकंपांपैकी जगात नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप याच ठिकाणी १९६७ साली झाला, आणि या कारणाने कोयनेचे नाव भूकंपशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. त्या भूकंपाच्या विनाशाविषयी आणि धरणाच्या सुरक्षिततेविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. परंतु एकमेकांपासून दूर असलेल्या, वेगवेगळ्या खात्यांच्या अधिकारात चालणाऱ्या आणि वेगवेगळ्या हेतूंनी स्थापन झालेल्या संस्था एका प्रश्नाभोवती कशा एकत्र आल्या, याचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. हा इतिहास स्थूलमानाने तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिल्यात संस्थांनी नोंदी केल्या, दुसऱ्यात त्या नोंदींची जगातील इतर नोंदींशी तुलना झाली आणि तिसऱ्यात जमिनीत खोलवर छिद्र घेऊन भूकंपाच्या उगमस्थानाजवळ पोहोचण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक टप्प्यास निराळ्या प्रकारचे सहकार्य लागले, आणि पुढच्या टप्प्याची योजना आखताना मागच्या टप्प्यातील उणिवाच मार्गदर्शक ठरल्या.

धरणापूर्वीची समजूत आणि पहिली चार केंद्रे

दख्खनचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांचे, म्हणजे बेसाल्ट या काळ्या खडकाचे बनलेले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी भूखंडांची टक्कर चालू असल्यामुळे तेथे भूकंप होणे स्वाभाविक मानले जाई, तर द्वीपकल्पाचा हा भाग ‘स्थिर’ समजला जाई. भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे भूकंपनोंदीचे काम होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूकंपमापक बसविण्यात आला होता. तथापि त्या काळातील उपकरणांचा रोख दूरच्या मोठ्या भूकंपांकडे असल्याने सह्याद्रीच्या एखाद्या दरीतील सौम्य हादरा त्यांच्या नजरेतून निसटत असे. त्यामुळे कोयनेच्या परिसरात धरणापूर्वी भूकंप होतच नव्हते की ते नोंदले जात नव्हते, या प्रश्नाचे उत्तर उपकरणांच्या आधारे देता येत नाही, आणि ही त्रुटी पुढील सर्व वादांच्या मुळाशी राहिली.

जलाशयात पाणी साठविण्यास १९६२ मध्ये प्रारंभ झाला आणि थोड्याच काळात आसपासच्या वस्त्यांतून जमीन हादरल्याच्या, तसेच सुरुंग उडाल्यासारखे आवाज ऐकू आल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. धरणाचे व्यवस्थापन राज्याच्या पाटबंधारे यंत्रणेकडे होते. तिला भूकंपशास्त्राचा अनुभव नव्हता, परंतु धरणाची जबाबदारी तिची असल्याने तक्रारींकडे काणाडोळा करणे तिला शक्य नव्हते. तिने पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे साहाय्य घेतले, आणि या केंद्राने १९६३ पासून भूकंपमापक बसविण्यास सुरुवात केली. कोयनानगर, चिपळूणजवळचे गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर या चार ठिकाणची केंद्रे मिळून एक जाळे तयार झाले. एकाच केंद्रावरील नोंदीवरून भूकंप किती दूर झाला एवढेच समजते, त्याची दिशा आणि खोली ठरविण्यास निदान तीन-चार ठिकाणच्या वेळा जुळवाव्या लागतात; म्हणून या चारही केंद्रांची घड्याळे एकमेकांशी मिळती ठेवणे हे त्या काळातील सर्वांत जिकिरीचे काम होते. एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींच्या आधारे असे दाखवून दिले की हादऱ्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपास एकवटलेली आहेत आणि त्यांची संख्या पाण्याच्या पातळीबरोबर कमीजास्त होते.

या निष्कर्षात सहकार्याचे एक प्राथमिक रूप दडलेले आहे. पाण्याची रोजची पातळी धरणाच्या कचेरीतील नोंदवहीत लिहिली जात होती आणि हादऱ्यांची नोंद भूकंपमापकाच्या कागदावर होत होती. या दोन नोंदी दोन वेगळ्या हेतूंनी, दोन वेगळ्या संस्थांनी ठेवलेल्या होत्या, आणि त्यांतील कोणतीही एक घेतली तरी तिच्यातून जलाशय आणि भूकंप यांचा संबंध उघड झाला नसता. सिंचन आणि वीजनिर्मिती यांसाठी ठेवलेली पातळीची नोंद ही भूकंपशास्त्राची मूलभूत सामग्री आहे, हे कोयना येथे स्पष्ट झाले, आणि पुढे झालेल्या प्रत्येक संयुक्त प्रकल्पात धरण चालविणारी यंत्रणा ही अपरिहार्य भागीदार ठरली.

११ डिसेंबर १९६७

सप्टेंबर १९६७ मध्ये एक जोरदार धक्का बसला होता. त्यानंतर ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, हजाराहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरे कोसळली. कोयनेचे वीजगृह बंद पडल्यामुळे मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला आणि एका दरीतील घटनेचे परिणाम राज्याच्या राजधानीपर्यंत पोहोचले. धरण मात्र फुटले नाही. सांडव्याखेरीजच्या उंच खंडांवर, पाठीमागच्या बाजूचा उतार जेथे बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या.

या घटनेने विज्ञानास जी सर्वांत मोलाची वस्तू दिली, ती धरणाच्या आत होती. धरणाच्या १-अ या खंडातील गॅलरीमध्ये, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या आतील बोगद्यासारख्या मार्गात, एक त्वरणमापक बसविलेला होता. भूकंपमापक दूरचे बारीक कंपन टिपतो, परंतु जवळच्या मोठ्या धक्क्यात त्याचा काटा कागदाबाहेर जातो. त्वरणमापक हे उपकरण याउलट जोरदार हादरा सुरू झाल्यावरच चालू होते आणि जमीन किती झपाट्याने गती बदलते, याची नोंद घेते. कोयनेच्या या उपकरणाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट इतके कमाल त्वरण नोंदविले. त्या काळात अशा संरचनेच्या इतक्या जवळून मिळालेली एवढी तीव्र नोंद जगात दुर्मीळ होती. रुडकी विद्यापीठातील भूकंप अभियांत्रिकी शाळेत जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे विश्लेषण केले; कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनिल चोप्रा यांनी तीच नोंद वापरून धरणाच्या कंपनाची गणिते मांडली आणि भेगा उताराच्या बदलाजवळच का पडल्या, याचे स्पष्टीकरण दिले. तेव्हापासून आजतागायत काँक्रीटच्या धरणांची भूकंपसहनशीलता तपासणारी नवी संगणकीय पद्धत आली की ती आधी कोयनेच्या नोंदीवर पारखून पाहण्याची प्रथा पडली आहे. नोंद ज्या संस्थेच्या ताब्यात होती तिने ती इतरांच्या हाती दिल्यामुळेच हे घडू शकले.

भूकंपानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि युनेस्कोनेही आपले तज्ज्ञ पाठविले. भूशास्त्रज्ञ, भूकंपशास्त्रज्ञ, धरण अभियंते आणि प्रशासक एकाच प्रश्नावर एकत्र बसण्याचा हा भारतातील पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी एक होता. धरणाच्या उंच खंडांना पाठीमागून काँक्रीटचे आधार देऊन बळकटी आणण्याचा निर्णय तातडीचा होता आणि तो अमलातही आला. सांडव्याच्या भागाची मजबुती त्यानंतर अनेक वर्षांनी, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाली. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातही बदल झाला. १९७० च्या सुधारित आवृत्तीत देशाच्या भूकंपक्षेत्रांचा नकाशा नव्याने आखला गेला आणि जो प्रदेश आधी अत्यल्प धोक्याचा समजला जात होता त्यातील कोयना परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या, क्षेत्रात गेला. परंतु अशा समित्यांचे सहकार्य स्वभावतः अल्पजीवी असते. अहवाल सादर झाला की सदस्य आपापल्या संस्थेत परततात, आणि भूकंप मात्र चालूच राहतात. धरण टिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर समितीला देता आले. भूकंप का होतात, हा प्रश्न समितीच्या मुदतीत मावणारा नव्हता.

तुलनेचे सहकार्य

हा दुसरा प्रश्न पुढे नेण्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. १९६१ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अंतर्गत स्थापन झालेली ही संस्था कोणत्याही धरणाची मालक नव्हती, आणि त्यामुळे तिला कोयनेकडे एक सुटी घटना म्हणून न पाहता एका वर्गातील उदाहरण म्हणून पाहता आले. अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या मीड सरोवरात पाणी साठू लागल्यावर होणाऱ्या भूकंपांविषयी कार्डर यांनी १९४५ मध्ये लिहिले होते. चीनमधील शिनफेंगजियांग येथे १९६२ मध्ये, आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा येथे १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ मध्ये जलाशयांलगत सहापेक्षा अधिक परिमाणाचे भूकंप झाले होते. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि संस्थेचे तत्कालीन संचालक हरी नारायण यांनी या सर्व ठिकाणच्या नोंदी एकत्र करून जलाशयाशी निगडित भूकंपांची समान लक्षणे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मांडली, आणि गुप्ता व रस्तोगी यांचे ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य धक्क्यापूर्वी आणि नंतर येणाऱ्या लहान धक्क्यांचे प्रमाण, त्यांचा ओसरण्याचा वेग आणि लहान-मोठ्या भूकंपांच्या संख्येचे गुणोत्तर या बाबतींत जलाशयांचे भूकंप त्याच प्रदेशातील इतर भूकंपांपेक्षा वेगळे असतात, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. असे विधान करण्यासाठी चार खंडांतील धरण यंत्रणांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवणे आवश्यक होते, आणि ते कोणत्याही एका देशाच्या कुवतीबाहेरचे होते.

भूकंपाच्या यंत्रणेविषयीची कल्पनाही अशाच परकीय अनुभवातून स्पष्ट झाली. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळील लष्करी रसायन कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबाने सोडले जात होते आणि त्यानंतर तेथे भूकंप सुरू झाले. इव्हान्स यांनी १९६६ मध्ये या दोहोंतील संबंध दाखवून दिला. त्याच राज्यातील रँजली येथील तेलक्षेत्रात पुढे पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून प्रयोग करण्यात आला, आणि दाबाबरोबर भूकंपही वाढतात व घटतात, हे दिसून आले. खडकांच्या सूक्ष्म भेगांत आणि छिद्रांत साचलेल्या पाण्याचा दाब, ज्यास छिद्रदाब म्हणतात, वाढला की भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर घट्ट दाबून धरणारे बल तितक्या प्रमाणात कमी होते. भ्रंश म्हणजे खडकातील असा तडा, ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या संदर्भात सरकलेल्या असतात. त्याच्या बाजूंमधील पकड सैल झाली की आधीपासून साठलेला ताण मोकळा होतो आणि भूकंप घडतो.

येथे प्रमाणाचा विचार महत्त्वाचा आहे. शंभर मीटर खोल पाण्याने तळाशी पडणारा अधिक दाब सुमारे दहा वातावरणांइतका असतो, तर पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांच्या वजनाने पडणारा दाब सुमारे तेराशे वातावरणांइतका असतो; म्हणजे जलाशयाची भर एक टक्क्याहूनही कमी ठरते. एवढ्या अल्प भरीने सहा परिमाणाचा भूकंप निर्माण होत नाही, तर आधीच तुटण्याच्या बेतात आलेल्या भ्रंशाला केवळ निमित्त मिळते. काठोकाठ भरलेल्या रांजणात शेवटचा तांब्या ओतला की पाणी सांडावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच ज्यात बहुतेक ताण मानवी कृतीमुळे निर्माण होतो त्या ‘प्रेरित’ भूकंपाहून, ज्यात नैसर्गिक ताण अगोदरच असतो आणि मानवी कृती केवळ चालना देते तो ‘उद्दीपित’ भूकंप वेगळा मानण्याची पद्धत पुढे रूढ झाली आणि कोयनेची गणना उद्दीपितांत होऊ लागली. पाण्याची पातळी किती वेगाने चढते, पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर ती जाते काय आणि उंच पातळी किती काळ टिकते, या तीन गोष्टींवर मोठ्या भूकंपांची शक्यता अवलंबून असते, असे गुप्ता यांनी कोयनेच्या दीर्घ नोंदींवरून मांडले. पावसाळ्यात जलाशय झपाट्याने भरतो, त्यानंतर सप्टेंबरच्या सुमारास भूकंप वाढतात, आणि डिसेंबरपासून पुढे, पाणी उतरू लागण्याच्या काळात, ते पुन्हा वाढतात. ही दुहेरी लय छिद्रदाबास खोलवर झिरपण्यास लागणाऱ्या वेळेशी जोडली गेली.

वारणा, किल्लारी आणि विखुरलेली जाळी

कोयनेच्या दक्षिणेस वारणा नदीवर दुसरे धरण उभे राहिले. त्याचा जलाशय १९८५ पासून भरू लागला आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी भूकंपांचे केंद्र दक्षिणेकडे सरकून वारणेच्या आसपास हादरे वाढले. पहिल्या प्रयोगानंतर काही अंतरावर दुसरा प्रयोग आपोआप सुरू व्हावा, अशी ही स्थिती होती. १९६७ चा भूकंप ज्यावर झाला तो दोणाचीवाडा भ्रंश उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे जातो आणि त्याच्या बाजू मुख्यतः आडव्या सरकतात, तर वारणेच्या बाजूस वायव्य-आग्नेय दिशेच्या भ्रंशांवर एक बाजू खाली घसरते. त्यामुळे जेमतेम तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात दोन निराळ्या यंत्रणा एकत्र पाहावयास मिळतात. या पट्ट्याबाहेर पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरे लक्षणीय भूकंपक्षेत्र नाही. भूकंप नेमके कोठे होणार, हे इतक्या निश्चितपणे ठाऊक असलेले क्षेत्र जगात फार थोडे असल्यामुळे पुढे येथेच खोल छिद्र घेण्याची कल्पना मूळ धरू शकली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार बळी घेतले आणि स्थिर समजल्या जाणाऱ्या पठाराविषयीची उरलीसुरली निश्चिंतताही संपली. कोयनेशी त्याचा थेट संबंध नव्हता, परंतु संशोधनाच्या पद्धतीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरला. हैदराबादच्या संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले आणि ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळाचा एक पातळ थर व त्याखाली पुरातन खडक असल्याचे आढळले. बेसाल्टचे आवरण भूपृष्ठावरून आत पाहण्यास मोठा अडथळा आहे आणि त्याखाली काय आहे, हे छिद्र घेतल्याखेरीज खात्रीने सांगता येत नाही, हा धडा यातून मिळाला.

या काळापर्यंत कोयना परिसरात अनेक संस्था नोंदी घेत होत्या. खडकवासल्याच्या केंद्राने घालून दिलेली परंपरा, नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची केंद्रे, हवामानशास्त्र विभागाची राष्ट्रीय केंद्रे आणि २००५ पासून हैदराबादच्या संस्थेने उभे केलेले अंकीय जाळे, यांपैकी प्रत्येकाचे उपकरण, परिमाण काढण्याचे सूत्र आणि खडकातील तरंगांच्या वेगाविषयीचे गृहीतक वेगळे असू शकते. परिणामी एकाच भूकंपाची खोली दोन सूच्यांत निराळी येते. १९६७ च्या भूकंपाचेच परिमाण जुन्या लिखाणात ६.५ आणि त्याहून अधिकही दिलेले आढळते. बाहेरच्या वाचकाला ही विसंगती वाटते, परंतु परिमाण हे तराजूत तोलून मिळणारे वजन नसून ठरलेल्या पद्धतीने काढलेला अंदाज आहे, आणि ती पद्धत ठरविण्यासाठी संस्थांमध्ये आधी एकमत लागते. नोंदींची संख्या वाढली म्हणून सहकार्य आपोआप वाढत नाही, हे या काळाने दाखवून दिले.

छिद्राची योजना

आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक वेधन कार्यक्रम, जो आयसीडीपी या आद्याक्षरांनी ओळखला जातो, १९९६ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा कारभार जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान केंद्रातून चालतो. खंडांवर खोल छिद्रे घेण्याचा खर्च एकट्या देशास पेलवणारा नसतो आणि त्यातून मिळणारे नमुने एका देशापुरते मर्यादित ठेवणे शहाणपणाचेही नसते, या विचारातून हा कार्यक्रम उभा राहिला. त्याची रीत अशी की प्रथम निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी मिळून एक प्रस्ताव द्यावा, तो योग्य वाटल्यास कार्यशाळा भरवावी, कार्यशाळेत उद्दिष्टे, जागा आणि पद्धत यांवर मतैक्य व्हावे आणि मगच वेधनाचा पूर्ण प्रस्ताव यावा. खर्चाचा मोठा भाग यजमान देशाने उचलावयाचा असतो. मिळालेली सामग्री काही काळ सहभागी संशोधकांपुरती राहते आणि नंतर सर्वांना खुली होते. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशावर पार्कफील्डजवळ घेतलेले सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र हे अशा सहकार्याचे ठळक उदाहरण होते.

कोयनेविषयीची पहिली कार्यशाळा मार्च २०११ मध्ये हैदराबाद आणि कोयना येथे झाली. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आणि आयसीडीपीने तिला पाठबळ दिले होते, आणि हर्ष गुप्ता व मंत्रालयाचे तत्कालीन सचिव शैलेश नायक हे तिचे सूत्रधार होते. भूकंपांचा उगम काही किलोमीटर खोलीवर असल्याने तेथपर्यंत छिद्र नेणे हे अंतिम ध्येय होते. तरीही कार्यशाळेने दिलेला सर्वांत महत्त्वाचा सल्ला छिद्र लगेच न घेण्याचा होता. बेसाल्टची जाडी, खालच्या खडकाचे स्वरूप, तेथील तापमान आणि भ्रंशाचे नेमके स्थान यांपैकी काहीही पुरेसे ठाऊक नसताना कोट्यवधी रुपयांचे छिद्र घेणे म्हणजे अंधारात तीर मारणे ठरले असते. म्हणून आधी दोन-तीन वर्षे पूर्वतयारीचे संशोधन करावे, मग मध्यम खोलीचे मार्गदर्शक छिद्र घ्यावे आणि त्यातील अनुभवावरून मुख्य छिद्राचा आराखडा करावा, असा क्रम ठरला. उत्साहाच्या भरात निर्णय न घेता कामाचे टप्पे पाडण्याची ही शिस्त अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून घालून घेतल्यामुळे ती मोडणे पुढे कोणालाही सोपे राहिले नाही.

पूर्वतयारीच्या काळात कामांची वाटणी तज्ज्ञतेनुसार झाली. विमानातून गुरुत्वाकर्षणाच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या सूक्ष्म फरकांचे सर्वेक्षण करण्यात आले. लेझर किरणांच्या साहाय्याने झाडीखालच्या जमिनीचा उठाव टिपला गेला. आणि जमिनीच्या विद्युतवाहकतेवरून खोलवरच्या पाण्याचा अंदाज घेणारी भूचुंबक-विद्युत पद्धत वापरली गेली. याच्या जोडीला सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची नऊ शोधछिद्रे घेण्यात आली. त्यांतून बेसाल्टची जाडी सुमारे ४१० ते १२५० मीटर इतकी बदलती असल्याचे, आणि किल्लारीप्रमाणे येथे मधला गाळाचा थर नसून बेसाल्ट थेट ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांसारख्या पुरातन स्फटिकी खडकावर बसल्याचे आढळले. धरणाजवळच्या रासाटी येथील छिद्रात नऊशे मीटरहून अधिक बेसाल्ट ओलांडल्यावर हा पुरातन खडक लागला. सहा किलोमीटर खोलीवरील तापमान सुमारे १३० ते १५० अंश सेल्सिअस असावे, असा अंदाज बांधता आला, आणि कोणती उपकरणे तेथे टिकतील, हे या आकड्यावरच ठरणार होते. काही छिद्रांत पुढे भूकंपमापक उतरविण्यात आले; भूपृष्ठावरील वाहने, वारा आणि माणसांची वर्दळ यांच्या गोंगाटापासून दूर असल्याने ते पूर्वी हाती न लागणारे अगदी लहान हादरेही टिपू लागले.

छिद्रातून बाहेर येणारा खडकाचा दंडगोल, ज्यास गाभा म्हणतात, हा या प्रकल्पातील खरा सामायिक ठेवा आहे, आणि त्याची हाताळणी हे सहकार्याचे सर्वांत बारीक, परंतु सर्वांत निर्णायक काम आहे. वैज्ञानिक वेधनात सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीनुसार गाभा नळीतून काढल्याबरोबर धुतला जातो, तुटलेले तुकडे एकमेकांना जुळवून ठेवले जातात आणि त्यांच्यावर दोन रंगांच्या समांतर रेषा ओढल्या जातात, जेणेकरून एखादा तुकडा पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत गेला तरी त्याची वरची बाजू कोणती, याविषयी शंका राहू नये. मग तो खाने पाडलेल्या पेट्यांत भरला जातो आणि प्रत्येक खान्यावर खोली लिहिली जाते. हैदराबादमधील संशोधक त्यातील उष्णतावाहकता मोजतो, दुसऱ्या देशातील संशोधक त्याच खोलीच्या तुकड्याची ताकद तपासतो, आणि दोघांचे निष्कर्ष एकाच आलेखावर मांडता येतात, ते केवळ त्या पेटीवरील खोलीचा आकडा दोघांसाठी एकच असल्यामुळे. एका पाळीतील कर्मचाऱ्याने हा आकडा चुकीचा लिहिला तर अनेक संस्थांचे काम वाया जाऊ शकते.

मे २०१४ मध्ये कोयना येथे दुसरी कार्यशाळा झाली आणि पूर्वतयारीच्या निष्कर्षांच्या आधारे मार्गदर्शक छिद्राचा आराखडा पक्का झाला. जागेची निवड केवळ भूशास्त्रावर ठरत नव्हती. हा प्रदेश सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आणि जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटाच्या सान्निध्यात आहे, अवजड यंत्रे नेण्याजोगे रस्ते थोडे आहेत आणि पावसाळ्याचे चार महिने अशा कामास प्रतिकूल असतात. म्हणून भ्रंशाचे स्थान, वनक्षेत्राची सीमा आणि वाहतुकीची सोय यांचा मेळ घालावा लागला. पाटण तालुक्यातील गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेले मार्गदर्शक छिद्र जून २०१७ मध्ये, पावसाळा पूर्णपणे जोर धरण्यापूर्वी, तीन किलोमीटरहून किंचित अधिक खोलीवर पूर्ण झाले. त्यात सुमारे १२४७ मीटर बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. छिद्राच्या ठरावीक भागात पाण्याचा दाब वाढवून खडकास बारीक तडा पाडण्याच्या आणि त्यावरून तेथील नैसर्गिक ताणाची दिशा व प्रमाण काढण्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. भ्रंश तुटण्याच्या किती जवळ आहे, याचे अनुमान तोवर भूपृष्ठावरील पुराव्यावरच अवलंबून होते. आता ते खडकात प्रत्यक्ष मोजलेल्या ताणावर आधारता येऊ लागले.

कराडची प्रयोगशाळा आणि सातत्याचा प्रश्न

या सर्व कामासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ भूविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. वरकरणी ही एक प्रशासकीय सोय वाटते, परंतु कोयनेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. १९६७ नंतरच्या समित्यांजवळ तज्ज्ञता होती, पण स्थायित्व नव्हते. हैदराबादच्या संस्थेजवळ दोन्ही होते, पण तिच्यापुढे देशभरातील अनेक प्रश्न होते. खडकवासल्याच्या केंद्राचे आणि राज्याच्या संस्थांचे प्रमुख कर्तव्य धरणांच्या सुरक्षिततेचे होते. कराडची प्रयोगशाळा ही केवळ या भूकंपक्षेत्राच्या वेधनासाठी, त्याच्या जवळ, गाभा साठविण्याच्या व्यवस्थेसह उभी राहिलेली पहिली संस्था होय. एखाद्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे शास्त्रज्ञ निवृत्त झाले, परदेशी सहभागी दुसऱ्या विषयाकडे वळले किंवा आंतरराष्ट्रीय निधीचा काळ संपला, तरी पेट्या, नोंदी आणि छिद्रातील उपकरणे जेथे कायम राहतात, अशी जागा नसेल तर पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो.

कोयनेच्या साठ वर्षांच्या नोंदींचे मोल यातूनच उमगते. भूकंपशास्त्रात एका भ्रंशाचे वर्तन समजण्यास लागणारा काळ एका शास्त्रज्ञाच्या सेवाकाळाहून, आणि बहुधा एका संस्थेच्या धोरणकाळाहूनही, अधिक असतो. कोयना-वारणा पट्ट्यात १९६२ पासून पाच किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक आणि चार किंवा त्याहून अधिक परिमाणाचे सुमारे दोनशे भूकंप झाले. ही संख्या केवळ निसर्गाने दिलेली नाही, तर खडकवासला, हैदराबाद, नाशिक आणि दिल्ली येथील संस्थांनी आपापल्या पद्धतीने, परंतु अखंडपणे, केलेल्या नोंदींमुळे उपलब्ध झाली आहे. भूकंपांच्या उगमाच्या खोलीपर्यंत, म्हणजे पाच-सहा किलोमीटरपर्यंत, नेण्याचे मुख्य छिद्र हे पुढचे उद्दिष्ट आहे, आणि त्यात उपकरणे दीर्घकाळ ठेवून भूकंपापूर्वी, भूकंपाच्या वेळी आणि त्यानंतर छिद्रदाबात होणारा बदल थेट मोजण्याची आकांक्षा आहे. ती सफल व्हावयाची असेल तर तंत्रज्ञानाइतकेच तीन गोष्टींवर लक्ष द्यावे लागेल : विविध जाळ्यांच्या सूच्या एका मापावर आणणे, धरणाच्या पाणीपातळीची नोंद संशोधकांना विनासायास उपलब्ध ठेवणे आणि गाभ्याची व्यवस्था निधीच्या चढउतारांपासून सुरक्षित राखणे. या तिन्ही गोष्टींचे श्रेय कोणाच्याही नावावर जमा होत नाही, आणि त्या एकाच संस्थेच्या अखत्यारीत येत नाहीत. म्हणून नियोजनात त्यांना अग्रस्थान देण्याची जबाबदारी सर्व भागीदारांवर सारखीच येते.